‘करील’ आणि ‘करावे’: संरक्षणादेशाची संहिता व तिचे वाचन

नवऱ्यापासून विभक्त झालेल्या स्त्रीवर त्याच नवऱ्याने प्राणघातक हल्ला केला, तिने त्याआधी पोलिसांकडे दाद मागितली होती, न्यायालयाचा आदेशही तिच्या हाती होता, असे प्रकरण उजेडात आले की त्याचा उलगडा बहुधा ‘हलगर्जीपणा’ या एका शब्दात केला जातो. शब्द सोयीचा आहे. दोष एका ठाण्यावरील एका अंमलदाराच्या माथी जातो आणि आदेशाची संहिता निष्कलंक राहते. लिहिले होते ते ठीक होते, पाळले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु आदेश ही मुळात भाषिक कृती आहे. ती लिहिली जाते, कोणीतरी वाचते आणि त्या वाचनातच ती सिद्ध किंवा निष्फळ होते. ज्या संहितेचे वारंवार एकाच रीतीने ‘चुकीचे’ वाचन होते, तिच्या बाबतीत ही वाचकाची चूक आहे की संहितेनेच त्या वाचनाला जागा ठेवली आहे, हा प्रश्न विचारणे समीक्षेचे काम आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी तो आपापल्या परीने विचारला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो परका मानण्याचे कारण नाही. विध्यर्थ, कर्ता, निवेदकाचे स्थान, काळ आणि क्रियापदाचे रूप ही त्यांचीच सामग्री आहे.

या दृष्टीने वाचण्यासारखी एक संहिता म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००५ रोजी दिलेला ‘कॅसल रॉक विरुद्ध गोन्झालेस’ या खटल्याचा निकाल. कॅसल रॉक हे कोलोरॅडो राज्यातील, डेन्व्हरजवळचे गाव. तेथील एका स्त्रीने विभक्त पतीविरुद्ध मे १९९९ मध्ये न्यायालयाकडून मनाई-हुकूम मिळवला होता आणि जूनच्या आरंभी तो कायम झाला होता. २२ जूनच्या संध्याकाळी घराबाहेर खेळणाऱ्या तिन्ही मुलींना पती घेऊन गेला. मुली दहा, नऊ आणि सात वर्षांच्या होत्या. पुढच्या घटना निकालपत्रात घड्याळाच्या काट्यांवर मांडल्या आहेत. साडेसातच्या सुमारास तिने पोलिसांना फोन केला; दोन अंमलदार आले, त्यांनी हुकूम पाहिला, आम्हाला काही करता येण्यासारखे नाही असे सांगितले आणि दहापर्यंत मुली परत आल्या नाहीत तर पुन्हा फोन करण्याचा सल्ला दिला. साडेआठला तिचे पतीशी फोनवर बोलणे झाले. मुली डेन्व्हरच्या एका करमणूक उद्यानात आपल्याबरोबर आहेत, असे त्याने सांगितले. म्हणजे ठिकाण कळले होते. तिने ते पोलिसांना कळवले. उत्तर तेच: दहापर्यंत थांबा. दहानंतर फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले: बारापर्यंत थांबा. मध्यरात्री ती स्वतः पतीच्या घरी जाऊन आली, तेथून फोन केला, कोणी आले नाही. पाऊणच्या सुमारास ती ठाण्यावर गेली आणि तिने लेखी तक्रार दिली. तक्रार घेणारा अंमलदार नंतर जेवायला निघून गेला. तीन वाजून वीस मिनिटांनी पती स्वतःच ठाण्यावर आला आणि त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतलेल्या पिस्तुलातून गोळीबार केला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो ठार झाला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले.

हे निवेदन कोणाचे आहे? निकालपत्र न्यायमूर्ती अंतोनिन स्कालिया यांनी लिहिले आहे. पण त्यातील प्रसंगमालिका वादीच्या अर्जातून घेतलेली आहे आणि ती तात्पुरती खरी मानलेली आहे. दावा चालण्याजोगा आहे की नाही, एवढाच मुद्दा न्यायालयापुढे असल्यामुळे पुरावा तपासण्याची वेळच आलेली नव्हती. परिणामी वाचकापुढे एक विलक्षण निवेदनबंध उभा राहतो. निवेदक भीषण घटना तपशिलाने सांगतो, ती भीषण आहे हेही मान्य करतो, आणि हे सर्व खरे असले तरीही, असे म्हणून पुढे जातो. कथनात्म साहित्यात निवेदकाने एखादी गोष्ट खरी मानून सांगितली की तिचे काही देणे निवेदकावर येते. येथे खरे मानणे हीच देणे नाकारण्याची पूर्वअट आहे. शोकनाट्याच्या प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो आणि पात्रांना नसतो, त्यातून नाट्यविडंबना निर्माण होते. या कथेत एका पात्राला शेवट दिसत होता आणि ती तो दर दोन तासांनी सांगत होती. ऐकणाऱ्यांनी तिच्या सांगण्याला ‘अजून तशी वेळ झालेली नाही’ या काळाच्या चौकटीत बसवले.

आणखी एक तपशील निकटवाचनाला खुणावतो. कायम झालेल्या हुकुमात पित्याला मुलींना भेटण्याची काही मुभा ठेवलेली होती आणि तीत आठवड्याच्या मध्ये, आधी ठरवून, एकदा जेवायला नेण्याची तरतूद होती. हुकूम वाचणाऱ्या अंमलदाराला हव्या असलेल्या अर्थासाठी हे एवढे छिद्र पुरेसे होते. मुलींना जेवायला नेणारा बाप हे चित्र मनाई-हुकुमावर छापलेल्या चित्रापेक्षा ओळखीचे, घरगुती आणि आश्वासक होते. संहितेत दोन कथा होत्या. वाचकाने सवयीची निवडली. तक्रार घेणारा अंमलदार मध्यरात्रीनंतर ती बाजूला ठेवून स्वतः जेवायला जातो, ही जुळणी कोणा लेखकाने योजली असती तर ती ढोबळ वाटली असती.

हुकुमाच्या पाठीमागे पोलिसांसाठी छापील सूचना होती. हुकुमाची अंमलबजावणी करण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजा आणि भंग झाल्याचे दिसताच अटक करा किंवा अटकेचे अधिपत्र मागवा, अशा आशयाची ती होती. त्यातील इंग्रजी क्रियापदाला ‘शॅल’ लागलेले होते. संपूर्ण खटला या शब्दाभोवती फिरतो. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने ठरवले की पोलिसांच्या स्वेच्छाधिकाराची परंपरा इतकी रुजलेली आहे की आज्ञार्थी दिसणाऱ्या शब्दानेही ती नाहीशी होत नाही. खरोखरीच बंधनकारक आज्ञा द्यायची असती तर विधिमंडळाने याहून स्पष्ट खूण केली असती. शिवाय आज्ञा बंधनकारक मानली, तरी तिच्या अंमलबजावणीवर या स्त्रीचा वैयक्तिक हक्क निर्माण होतो असे नाही. आणि हक्क मानला, तरी तो चौदाव्या घटनादुरुस्तीला अभिप्रेत असलेली ‘मालमत्ता’ ठरेल असे नाही. शब्दाच्या साध्या अर्थाला चिकटून राहण्याचा ज्यांचा आयुष्यभर आग्रह होता, त्या न्यायमूर्तींनी या एका ठिकाणी शब्दापेक्षा वहिवाट प्रमाण मानावी, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

येथे स्टॅन्ली फिश यांची अन्वयार्थक समुदायाची कल्पना हाताशी घेण्याचा मोह होतो. अर्थ संहितेत नसून वाचकसमुदायाच्या संकेतांत असतो. पोलीस हा असाच एक समुदाय आहे आणि न्यायालयाने त्याच्या संकेतांना मान्यता दिली, असे म्हणता येईल. हे वर्णन म्हणून बरोबर आहे आणि तेवढ्यावरच थांबते. एखाद्या कवितेचे दोन समुदायांनी दोन प्रकारे वाचन केले तर कवितेचे काही बिघडत नाही. रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात नेमके हेच बजावले होते. कायद्याचा अन्वयार्थ वेदना आणि मृत्यू यांच्या क्षेत्रात घडतो आणि न्यायाधीशाचा शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी अंमलात यावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कव्हर यांच्यापुढे मुख्यतः राज्यसंस्था जी हिंसा करते ती होती. कॅसल रॉकमधील हात हलले नाहीत. न हलणाऱ्या हातांचे व्याकरण त्यांच्या निबंधात पुरेसे येत नाही, आणि पाश्चात्त्य भाषिक कृतीच्या सिद्धान्तातही ते अर्धेच आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी उक्ती फसण्याचे प्रकार सांगितले आहेत. पण त्यांचे लक्ष बोलणाऱ्याच्या अधिकारावर, प्रसंगाच्या औचित्यावर आणि हेतूच्या सच्चेपणावर आहे. येथे न्यायाधीशाला अधिकार होता, प्रसंग उचित होता, हेतू सच्चा होता. उक्ती सर्व बाजूंनी शुद्ध होती आणि तरी मुली मेल्या.

या ठिकाणी पूर्वमीमांसेकडे वळणे ही केवळ देशीयतेची हौस नव्हे. विधिवाक्य माणसाला कृतीस प्रवृत्त कसे करते, हा प्रश्न इतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणत्याही परंपरेने विचारलेला नाही. आणि एकनाथांच्या वंशातील मानल्या जाणाऱ्या आपदेवांचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ लक्षात घेतला तर ही चर्चा महाराष्ट्राच्या पंडितपरंपरेलाही दूरची नाही. कुमारिलांच्या मते विध्यर्थक प्रत्ययात एक प्रेरक शक्ती असते, ती शाब्दी भावना. तिने ऐकणाऱ्याच्या ठिकाणी फलाच्या दिशेने होणारा प्रयत्न उत्पन्न होतो, ती आर्थी भावना. शाब्दी भावनेला साहाय्य करतात ती प्रशंसापर वाक्ये, म्हणजे अर्थवाद. अर्थवाद स्वतंत्रपणे काही विहित करीत नाही, पण विधीशी त्याची एकवाक्यता करूनच दोहोंचा अर्थ लावायचा असतो. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने १९९४ साली घरगुती हिंसाचाराविषयीचा कायदा केला तो पोलिसांची टाळाटाळ संपवण्यासाठी, हे त्याच्या इतिहासावरून उघड होते. बहुमताच्या निकालाने हा इतिहास निव्वळ अर्थवाद म्हणून सोडून दिला आणि ‘शॅल’ हा शब्द एकटा पाडून वाचला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे विरोधी मत, ज्याला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी संमती दिली, ते मीमांसकांच्या भाषेत एकवाक्यतेचा आग्रह धरते: अमुक एका टाळाटाळीवर उपाय म्हणून जो शब्द योजला, त्याचा अर्थ त्याच टाळाटाळीच्या परंपरेवरून ठरवता येत नाही.

प्राभाकरांची संज्ञा याहूनही उपयोगी आहे. त्यांच्या मते विधिवाक्याचा अर्थ नियोग, आणि ‘हे माझे कार्य आहे’ असा ज्याला बोध होतो तो नियोज्य. नियोज्य नसेल तर नियोग लटकता राहतो. स्त्रीच्या हातातल्या कागदावरचे वाक्य वाचताना अंमलदाराला त्याचा शाब्दबोध झाला होता. नव्हता झाला तो नियोज्यत्वाचा बोध. त्याने आज्ञा माहितीसारखी वाचली. या घरात असा असा हुकूम आहे, एवढेच त्याला कळले.

मग फल कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाला हा प्रश्न फार जड गेला. अटक पोलीस करणार, शिक्षा राज्य देणार, मग त्यात या स्त्रीचे स्वतःचे असे काय, अशी बहुमताची अडचण. मीमांसकांना ही अडचण कधी वाटली नाही. यज्ञात प्रत्यक्ष कर्म ऋत्विज करतात, पण ते दक्षिणेने परिक्रीत असतात. फल यजमानाला मिळते. कर्म एकाचे आणि फलस्वाम्य दुसऱ्याचे, ही तेथे नित्याची व्यवस्था आहे. स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात एक दृष्टान्त दिला आहे: या स्त्रीने खासगी सुरक्षा-संस्थेशी करार केला असता, तर त्या सेवेवरचा तिचा हक्क कोणीही नाकारला नसता, राज्याने तेच वचन दिले तर तो का नाकारावा? हा परिक्रयाचाच युक्तिवाद आहे. अर्थात या जुळणीच्या आनंदात मीमांसेची दुसरी बाजू विसरता येत नाही. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात अधिकाराची चर्चा आहे. स्त्रीला यज्ञाचा अधिकार नाहीच, हे मत तेथे नाकारले आहे खरे. पण सिद्धान्त म्हणून जो अधिकार दिला तो पतीसह, दंपती म्हणून. पतीशिवाय आणि पतीविरुद्ध मागायचे असेल तर स्त्री कोणत्या वाक्याची अधिकारी, याला तेथे उत्तर नाही. शूद्रांना तर तेवढाही अधिकार नाही. साधन घ्यावे, पण ते कोणत्या घरातून आणले याची आठवण ठेवून.

या आज्ञेचे मराठीत काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मराठी व्याकरणाने क्रियापदाचे चार अर्थ मानले: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘करावे’ हे विध्यर्थाचे रूप. त्याचा विस्तार मोठा आहे. ‘मुलांनी अभ्यास करावा’ यात कर्तव्य आहे, ‘पाऊस यावा’ यात इच्छा, ‘तो आला असावा’ यात तर्क, ‘भजन त्यानेच गावे’ यात सामर्थ्य. म्हणूनच असेल, कायद्याच्या मराठी परिभाषेने हे निसरडे रूप टाळले आणि ‘शॅल’साठी ‘करील’, ‘मे’साठी ‘करू शकेल’ किंवा ‘करता येईल’ असे संकेत रूढ केले. हेतू काटेकोरपणाचा होता. पण ‘करील’ हे स्वार्थाचे, भविष्यकाळाचे रूप आहे. ते आज्ञा करीत नाही, भाकीत करते. ‘पोलीस अधिकारी पीडित व्यक्तीस तिच्या हक्कांची माहिती देईल’ हे वाक्य सामान्य वाचकाच्या कानाला पंचांगातल्या पर्जन्यविधानासारखे लागते. भाकीत खोटे ठरले तर ते चुकले असे म्हणतात. त्याचा भंग झाला असे कोणी म्हणत नाही. यापुढची पायरी ‘करण्यात येईल’ ही. तीत कर्ताच उरत नाही. शासकीय मराठीत हे रूप इतके बोकाळले आहे की कोण करणार हे विचारणे असभ्य वाटावे. विध्यर्थात निदान कर्त्याला तृतीया लागते आणि ‘पोलिसांनी’ हा शब्द वाक्यात उभा तरी राहतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी हा विचार केला नसेल असे नाही. पण नियोज्याला वाक्यात ठेवण्याच्या दृष्टीने त्यांनी कमकुवत रूप निवडले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

भारतीय कायद्याचा आशय मात्र काही बाबतींत कॅसल रॉकपेक्षा पुढे आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याने पीडित व्यक्तीची व्याख्या करताना चालू काळाबरोबर भूतकाळही घातला: जी घरगुती नात्यात आहे किंवा होती ती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घटस्फोटानंतरही आधीच्या हिंसेबद्दल स्त्रीला दाद मागता येते, असा निर्वाळा दिला तो या क्रियापदांच्या काळांवर. संरक्षणादेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र अपराध आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. आणि केवळ पीडित स्त्रीच्या साक्षीवरून असा अपराध घडल्याचा निष्कर्ष न्यायालय काढू शकते. ही शेवटची तरतूद भाषिक दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रे लँगटन यांनी १९९३ साली दाखवून दिले की मुस्कटदाबी म्हणजे केवळ बोलू न देणे नव्हे. बोललेले शब्द अपेक्षित कृती म्हणून सिद्ध होऊ न देणे हीही मुस्कटदाबीच. स्त्री तक्रार ‘करते’ आणि ती ‘बायकोचे गाऱ्हाणे’ म्हणून ऐकली जाते, तेव्हा तिने तक्रार केलेलीच नसते. तिची साक्ष पुरेशी आहे असे म्हणणाऱ्या कायद्याने तिच्या उक्तीला कृतीचा दर्जा दिला. मात्र त्याच अधिनियमात मुळात संरक्षणादेश देणे आणि त्याच्या अंमलबजावणीत साहाय्य करण्यास पोलिसांना फर्मावणे, ही दोन्ही क्रियापदे ‘शॅल’ची नाहीत, ‘मे’ची आहेत.

याहून बोलके उदाहरण ‘ललिता कुमारी’ निकालाचे. अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार पोलिसांनी वेळेवर नोंदवली नाही, यातून निघालेल्या या प्रकरणात घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दंड प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमातील ‘शॅल’ या शब्दाचा अर्थ लावला, आणि तो कॅसल रॉकच्या नेमका उलट लावला: शब्द बंधनकारक आहे, दखलपात्र अपराधाची माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवलीच पाहिजे, स्वेच्छाधिकाराला जागा नाही. येथवर वाचून वाचक सुस्कारा टाकतो. पण त्याच निकालात काही प्रकारच्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे, आणि त्या यादीत पहिले नाव वैवाहिक व कौटुंबिक तंट्यांचे आहे. कोलोरॅडोत स्वेच्छाधिकार मागच्या दाराने आला. येथे तो दाराशी नाव सांगून आला. हुंड्याच्या खोट्या तक्रारींची न्यायालयांना वाटणारी धास्ती यामागे असेल, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याची गरज नाही. प्रश्न वर्गीकरणाचा आहे. ‘तंटा’ या शब्दाला दोन बाजू लागतात. चाकू घेऊन दारात उभा असलेला माजी नवरा आणि दाराच्या आत असलेली स्त्री यांच्यात तंटा चालू आहे असे म्हटले की वाक्याला दोन कर्ते मिळतात आणि कर्म नाहीसे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १७३ व्या कलमाने तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अपराधांसाठी प्राथमिक चौकशीची वाट कायद्यातच घालून दिली आहे.

‘माजी नवरा’ हा शब्दप्रयोग वर सहज वापरला. तो मराठीत अजून नीट रुळलेला नाही. माजी आमदार असतो, माजी सैनिक असतो. नवरा माजी होतो ही कल्पना भाषेने मनापासून स्वीकारलेली दिसत नाही. संबंध तुटल्यावर उरते त्याची नावे स्त्रीच्या बाजूला आहेत: टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता. तिन्ही कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधिते. कर्ता पुरुष, अध्याहृत. १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीने ‘परित्यक्ता’ हा शब्द हक्काच्या लढ्याचे निशाण केला, हे त्या चळवळीचे सामर्थ्य. पण ज्या स्त्रीने स्वतः नवऱ्याला सोडले ती या शब्दात मावत नाही, आणि ज्याला बायकोने सोडले त्या पुरुषाला तर नावच नाही. अमेरिकी विधिज्ञ मार्था महोनी यांनी १९९१ साली विभक्त होऊ पाहणाऱ्या किंवा झालेल्या स्त्रीवर तिला रोखण्यासाठी वा परत खेचण्यासाठी होणाऱ्या हल्ल्याला स्वतंत्र नाव दिले, ते याच पोकळीमुळे. ‘ती निघून का गेली नाही’ हा प्रश्न विचारणारे तिने निघून जाणे हाच संकटाचा शेवट मानतात. वस्तुतः बहुतेक वेळा तेथे संकट तीव्र होते.

मराठी रंगभूमीवर हे तीव्र होणे एका नाटकाने फार पूर्वी पाहिले आहे, जरी समीक्षेने ते तसे पाहिले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची (१९७२) चर्चा अश्लीलता, सेन्सॉर, सखारामचा दांभिकतेविरुद्धचा दंभ आणि लक्ष्मी-चंपा यांचा विरोध या वाटांनी पुष्कळ झाली. चंपा ही नवरा सोडून आलेली स्त्री आहे, टाकलेली नव्हे, हा भेद त्या चर्चेत गौण राहिला. सखारामच्या घराचा नियमच टाकलेल्या बायकांसाठी आहे. चंपा त्या नियमात बसत नाही, आणि नाटकाची निम्मी उलथापालथ त्यातून होते. तिचा नवरा तिच्या मागोमाग येतो. तो कोण आहे? फौजदार. पोलीस खात्याने काढून टाकलेला, दारूने खचलेला, पण पात्रांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘फौजदार शिंदे’. माजी नवरा आणि माजी पोलीस हे दोन्ही एकाच शरीरात आणून तेंडुलकरांनी जे साधले ते कोणत्याही निकालपत्रात शक्य नाही. या नाटकातील स्त्रियांना संरक्षण मागायचे तर कोणाकडे, हा प्रश्न विचारण्याआधीच संपतो. ज्याच्याकडे मागायचे तोच दारात आहे. चंपाने आपल्यावर लग्नात झालेल्या छळाचे सांगितलेले वर्णन प्रेक्षकांसाठी साक्ष ठरते, पण नाटकाच्या जगात ती साक्ष नोंदवणारे कोणी नाही. म्हणून ती स्वतःच त्याला बदडते. प्रेक्षागृहात या प्रसंगाला हशा येतो असे म्हणतात, आणि तो यावा अशीच त्याची रचना आहे. मात्र तो हशा ओसरल्यावर जी भीती उरायला हवी ती प्रयोगांत क्वचितच उरत असावी.

लक्ष्मीला त्या नवऱ्याची कणव येते, आणि येथे नाटक संस्थेच्या पलीकडे जाते. तिच्या लेखी तो ‘माजी’ नाहीच. नवरा हा नवराच, मग तो कसाही असो. चंपाने सखारामच्या विरोधात उभे राहून लक्ष्मीला घरात ठेवून घेतलेले असते; लक्ष्मी चंपाचे दाऊदशी असलेले संबंध सखारामला सांगते आणि चंपाचा जीव जातो. मारणारा पहिला नवरा नसून सखाराम आहे. पण त्याचा हात ज्या अर्थाने उचलला जातो तो अर्थ लक्ष्मीने पुरवलेला आहे: नवऱ्याला सोडणारी ती कोणालाही सोडील. कॅसल रॉकमधील अंमलदाराला पित्याच्या हाती मुली सुरक्षित वाटल्या, आणि लक्ष्मीला नवऱ्याच्या हाती चंपा सुरक्षित वाटते. दोघांचे अज्ञान एका जातीचे आहे आणि ते दुष्टपणाहून टिकाऊ आहे. तेंडुलकरांवर लक्ष्मीच्या व्यक्तिरेखेतून स्त्रीलाच स्त्रीची वैरीण ठरवल्याचा आक्षेप घेता येतो. तो पुरता खोटा नाही. परंतु लक्ष्मी येथे व्यक्तीपेक्षा वाचक म्हणून पाहिली तर आक्षेपाची धार कमी होते. समाजाने दिलेल्या संहितेची ती सर्वांत इमानी वाचक आहे, आणि ‘करावे’ हे रूप तिला सर्व अर्थच्छटांसह कळते.

अमेरिकेतील खटल्याला पुढे आणखी एक वाचन मिळाले. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने जुलै २०११ च्या अहवालात राज्यसंस्थेने तत्परतेचे कर्तव्य पाळले नाही असा निष्कर्ष काढला. त्याहून लक्षवेधी होते ते आयोगाने कथेचा शेवट पुन्हा उघडला हे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवेदनात बापाने मुलींना आधीच मारले होते, हे एका गौण वाक्यात येऊन जाते, जणू त्याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. आयोगाने दाखवले की मुली केव्हा, कोठे आणि कशा मेल्या याचा पुरेसा तपास कधी झालाच नाही, आणि तो करावा अशी शिफारस केली. निवेदकाने पूर्णकाळात टाकलेले क्रियापद आयोगाने प्रश्नार्थक केले. ‘सखाराम बाइंडर’च्या शेवटी लक्ष्मी प्रेत पुरण्याच्या कामाला लागते आणि सखाराम सुन्न उभा राहतो. चंपाचा नवरा, तो फौजदार, त्या वेळी रंगमंचावर नसतो. आणि ती कोठे गेली हे विचारायला त्या घरात पुढे कोण येणार, याची कोणतीही खूण नाटककाराने ठेवलेली नाही.